शारदा सदनाचं उघडं दार: एका शाळेचं मंडळ का फुटलं?

आजचा भाग एका बोर्डाबद्दल आहे. दहावीच्या बोर्डाबद्दल नाही आणि शाळेच्या फाटकावर लावलेल्या बोर्डाबद्दलही नाही. मी बोलतेय शाळा चालवणाऱ्या मंडळाबद्दल. ज्यांची नावं वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर असतात, जे स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसतात आणि ज्यांचं नेमकं काम काय हे आपल्याला शाळा सुटेपर्यंत कळत नाही, ती माणसं.

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांमध्ये हल्ली मुख्याध्यापकांसाठी आणि मंडळाच्या सदस्यांसाठी नेतृत्व आणि कारभार या विषयावर प्रशिक्षणं होतात. प्रश्न साधारण ठरलेले असतात. मंडळाने काय ठरवायचं आणि मुख्याध्यापकाने काय? देणगीदाराचा शब्द कुठपर्यंत चालणार? शाळा चालवणारे ख्रिस्ती आहेत म्हणजे शाळेत नेमकं काय होणार आणि काय होणार नाही? आणि इतर धर्मांच्या पालकांना आपण कोणता शब्द दिलाय? ऐकताना जांभई येईल असे प्रश्न आहेत हे. पण याच प्रश्नांवरून १८९३ साली पुण्यात एक शाळा अर्धी रिकामी झाली होती.

शाळेचं नाव शारदा सदन. ती चालवत होत्या पंडिता रमाबाई. त्यांच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे त्या काळातल्या महाराष्ट्रातली सगळ्यात शहाणी, सगळ्यात सुधारक मंडळी. यातलं कुणीच खलनायक नाही. तरीही शेवटी फटका बसला तो मुलींना. तो कसा बसला, हेच आज बघूया.

तिजोरी बोस्टनला

रमाबाईंची ओळख थोडक्यात करून देते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. घर असं नव्हतंच, तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं हेच आयुष्य. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ साली पतीचं निधन झालं. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई-वडील, भाऊ, नवरा सगळे गेलेले.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. रानडे, भांडारकर या मंडळींनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. इथेच त्यांनी आर्य महिला समाज काढला. हे लक्षात ठेवा, कारण अकरा वर्षांनी जे तुटलं ते अनोळखी माणसांमधलं नातं नव्हतं.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याला मोठा धक्का बसला. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कुणाच्या मुठीत गेल्या, असं मात्र झालं नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असा बिशपांचा सल्ला आला, तेव्हा त्या चांगल्याच भडकल्या. माझं डोकं मी कुणाकडे गहाण ठेवलेलं नाही, हा त्यांचा कायमचा बाणा. ज्या मंडळाला अशी मुख्याध्यापिका मिळते त्या मंडळाचं नशीब थोर. पण तिच्याबरोबर कारभाराचे नियम आधीच नीट ठरवून घ्यायला हवेत, हेही तितकंच खरं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि मग तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या, गावोगावी भाषणं केली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं. उच्चवर्णीय बालविधवांसाठी भारतात शाळा काढायची, हा एकच ध्यास. त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि प्रसिद्ध लेखक. असोसिएशनने शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं कबूल केलं.

आता इथे एक गंमत आहे. देणगीदार जवळपास सगळे ख्रिस्ती, पण पंथ वेगवेगळे. एका पंथाचं दुसऱ्याशी पटत नाही. म्हणून ठरलं की शाळा कुठल्याही पंथाची नसेल. तिथे धर्म शिकवला जाणार नाही, मुलींच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही. हिंदू पालकांनी मुली पाठवाव्यात यासाठीही हीच अट गरजेची होती. एका वाक्यात दोन्ही बाजूंचं काम झालं. पण एखादं वाक्य सगळ्यांना पटकन पटलं, की त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावलेला असण्याची शक्यता फार असते.

किल्ली रमाबाईंकडे

११ मार्च १८८९. मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्ष होत्या लेखिका काशीबाई कानिटकर. एका शाळेच्या उद्घाटनाला अध्यक्षस्थानी बाई, ही १८८९ सालातली गोष्ट आहे बरं का. विद्यार्थिनी किती? दोन. त्यातली विधवा असलेली पहिली विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. देवरूखच्या जोशांची मुलगी, आठव्या वर्षी विधवा झालेली.

तेव्हाच्या उच्चवर्णीय घरात विधवा असणं म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. केशवपन, अलवण, एकभुक्त राहणं, शुभकार्यात समोर यायचं नाही, आणि आयुष्यभर दिराच्या नाहीतर भावाच्या घरी राबायचं. ज्या मुलीला हे आयुष्य आठव्या वर्षी मिळतं, तिच्यासाठी पाटी-पुस्तक आणि 'तू पुढे काय होणार?' हा प्रश्न म्हणजे काय असेल, याचा विचार करा. मी म्हणते ती 'एक शाळा' कागदावर एक शाळा होती. त्या मुलींसाठी ती बाहेर पडायची एकुलती एक वाट होती.

सदनात मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती. स्वयंपाक त्यांच्या रीतीप्रमाणे, उपासतापास त्यांचे ते. शिक्षण मात्र चोख. १८९० च्या नोव्हेंबरमध्ये सदन पुण्याला आलं. मुली वाढत गेल्या. पुढे असोसिएशनच्या पैशांतून इमारतही झाली.

आता कारभार कसा होता ते बघा. पैसा आणि अंतिम अधिकार बोस्टनच्या कार्यकारी समितीकडे. रोजचं सगळं काम रमाबाईंकडे: प्रवेश, शिक्षक, वेळापत्रक, मुलींचं आजारपण. आणि इथे मुंबईत-पुण्यात एक सल्लागार मंडळ. या मंडळाने काय करायचं? सल्ला द्यायचा. पण खरं सांगायचं तर त्यांनी सल्ल्यापेक्षा मोठी गोष्ट दिली होती. त्यांनी आपली पत दिली होती. एक ख्रिस्ती झालेली बाई अमेरिकेच्या पैशावर शाळा चालवते, तिथे मुलगी पाठवायला बाप का तयार होईल? कारण त्या शाळेमागे रानड्यांचं नाव आहे, भांडारकरांचं नाव आहे.

म्हणजे तिजोरी बोस्टनला, किल्ली रमाबाईंकडे आणि पत पुण्याच्या मंडळींची. तिघांची तीन ठिकाणं. बोस्टनला पत्र जाऊन उत्तर यायला दोनेक महिने लागायचे. सल्लागारांना रमाबाईंचं एखादं वागणं पटलं नाही तर ते थांबवायचा अधिकार त्यांना नव्हता. तक्रार करा, वाट बघा, नाहीतर राजीनामा द्या. एवढीच हत्यारं त्यांच्या हातात.

आज कुठल्याही प्रशिक्षणात हे चित्र फळ्यावर काढलं तर कोणीही सांगेल की इथे पहिला मोठा वाद झाला की शाळा हलणार. ज्याची पत पणाला लागली आहे त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो समुद्रापलीकडे.

दार उघडं ठेवायचं की बंद?

वाद झाला तो प्रार्थनेवरून. वर्गातल्या नव्हे. वर्गात धर्म शिकवला जात नव्हता, हे कुणीच नाकारत नव्हतं. प्रश्न होता रमाबाईंच्या स्वतःच्या खोलीचा. त्या सदनातच राहायच्या. रोज मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी त्यांना उठवलं नाही.

इथे मी थोडं थांबते. या एका दाराकडे तीन बाजूंनी बघता येतं आणि तिन्ही बाजूंना वजन आहे.

रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला बोलावत नाही, कुणाला अडवत नाही. ही माझी खोली आहे आणि हा माझा धर्म आहे. हिंदू मुलीला तिची पूजा उघडपणे करता येते, मग मी माझी प्रार्थना दार लावून, चोरून का करायची? शिवाय ज्या मुलींना जगात कुणी जवळ घेतलेलं नाही, त्यांच्या तोंडावर दार लावायचं?

सल्लागारांची बाजू अशी की या मुली लहान आहेत. त्या रमाबाईंच्या घरात राहतात, त्यांच्याकडून पहिल्यांदाच मायेचा शब्द ऐकतात. अशा बाईंच्या खोलीत मूल 'आपणहून' जातं याला काय अर्थ? जिच्यावर सगळं अवलंबून आहे तिचं उघडं दार हेसुद्धा एक आमंत्रणच आहे. आणि आम्ही पालकांना शब्द दिलाय.

बोस्टनची बाजू अशी की सक्ती झाली का? नाही. वर्गात शिकवलं का? नाही. मग अट मोडली असं आम्ही कसं म्हणायचं? एका ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती असणं लपवावं, असं आम्ही कधी ठरवलं होतं?

बघा, तिघंही एकाच नियमाचा आधार घेत होते. 'धर्मात ढवळाढवळ नाही' या शब्दांचा अर्थ पहिल्या दिवशी एकत्र बसून कुणी ठरवला नव्हता. शाळा वर्गापुरती की सदनाच्या उंबरठ्याच्या आतलं सगळं शाळाच? वसतिगृहात राहणाऱ्या बाईंची खोली खाजगी की शाळेची? कुठल्या वयापर्यंत पालकांची परवानगी लागणार? हे प्रश्न भांडण पेटल्यावर विचारले गेले, आणि तेव्हा उत्तर शोधायला कुणाचं डोकं शांत नव्हतं.

चहाच्या पेल्यातलं पुणं

आणि हे सगळं कुठे चाललं होतं? पुण्यात. त्या वेळचं वातावरण कळावं म्हणून एक प्रसंग सांगते. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. शहरातले नामांकित लोक गेले. समोर चहा-बिस्किटं आली. झालं! गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून सुधारकच त्यांच्यावर चिडले. एका कप चहाचं हे दोन वर्षं चाललं होतं. तिथे मुलींचं बायबल ऐकणं म्हणजे काय असेल?

केसरीने तर सुरुवातीपासून सदनावर नजर ठेवली होती. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातल्या मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा दिसतो, असा मजकूर आला. तिकडच्या वाचकांसाठी ती आनंदाची बातमी, देणगी द्यायला हुरूप देणारी. इकडे केसरीने तीच बातमी उचलली आणि शिक्षणाच्या आडून धर्मांतर चाललंय हा आरोप पक्का केला. तिकडच्या लोकांना खूश करायला लिहिलेलं इकडे बोटीने येऊन पोचतं. आज त्याला महिनाही लागत नाही, फॉरवर्डला दोन सेकंद पुरतात. शाळेच्या एखाद्या हितचिंतकाने परदेशी देणगीदारांसाठी लिहिलेलं पत्रक गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलं की काय होतं, याची कल्पना तुम्हीच करा.

आणि रानडे-भांडारकरांचीही अडचण समजून घ्या. १८८४ साली याच मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं होतं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो ते. टीका तेव्हाही झाली होती. भांडारकरांनी १८९१ मध्ये स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता आणि त्याची किंमत मोजत होते. म्हणजे हे घाबरट लोक नव्हते. पण त्यांना दिसत होतं की शारदा सदनावरचा विश्वास गेला तर तो तिथेच थांबणार नाही. 'बघा, मुली शिकवायला पाठवल्या की हे होतं' हे वाक्य प्रत्येक शाळेच्या दारात ऐकू येईल.

शेवटी ऑगस्ट १८९३ मध्ये भांडारकर, रानडे यांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. त्यांच्या पत्राचा आशय असा होता की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जातात, बायबल वाचतात, काहींचा कल ख्रिस्ती होण्याकडे दिसतो, त्यामुळे या संस्थेशी आम्हाला संबंध ठेवता येत नाही. पत्र प्रसिद्ध झालं. ज्या नावांकडे बघून पालकांनी मुली पाठवल्या, तीच नावं निघून गेली. सुमारे वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

घरी म्हणजे कुठे, ते मी मघाशी सांगितलं.

चौथी खुर्ची

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. बोस्टनला समिती होती. पुण्यात सल्लागार होते. सदनात रमाबाई होत्या. पण ज्यांच्या मुली, त्या पालकांना या रचनेत कुठेही जागा नव्हती. त्यांना काय चाललंय ते वर्तमानपत्रातून कळत होतं. मोठ्या वयाच्या मुलींना, ज्यांतल्या काही तर विशी ओलांडलेल्या होत्या, त्यांनाही बसायला खुर्ची नव्हती. ज्याला बोलायला जागा नसते तो भांडत नाही. तो आपलं मूल उचलतो आणि निघून जातो.

गोदूबाई मात्र या वादळाआधीच बाहेर पडल्या होत्या. ११ मार्च १८९३ ला, म्हणजे सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचं लग्न झालं. नवरा विधुर, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा. नाव धोंडो केशव कर्वे. हो, तेच. महर्षी कर्वे. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया. त्या हिंदूच राहिल्या, हे मुद्दाम सांगते. आणि पुढच्या काही वर्षांत सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या, हेही सांगते. दोन्ही गोष्टी एकाच शाळेत घडल्या.

यानंतरची दोन टोकं बघण्यासारखी आहेत. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. तो चालवणाऱ्या मंडळींचे अध्यक्ष कोण? डॉक्टर भांडारकर! तीन वर्षांपूर्वी सदन सोडलेले. पैसा इथलाच, दारोदार फिरून गोळा केलेला. शब्द सरळ होता की आश्रम हिंदू विधवांचा आहे, इथे धर्म बदलायचा प्रश्न येणार नाही. तो आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला आणि त्यातूनच पुढे मुलींच्या विद्यापीठापर्यंत मजल गेली.

त्याच १८९६ मध्ये दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. १८९८ मध्ये बोस्टनची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, नवी असोसिएशन झाली. केडगावची संस्था मात्र उघडपणे ख्रिस्ती होती. तिथे कुणाला फसवल्याचा आरोप करायची सोयच नव्हती. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शाळा, छापखाना, शेती, विणकाम सगळं तिथे. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांच्या आधी काही महिने मनोरमा गेल्या होत्या, ज्यांच्या खांद्यावर संस्था द्यायची होती त्याच. पण दाराची पाटी आणि आतलं काम एक असलेली ती संस्था आजही केडगावला आहे.

दोन्ही संस्था टिकल्या, कारण दोघींनीही काय देणार ते स्पष्ट सांगितलं. पण जे गेलं त्याची मला हळहळ वाटते. ख्रिस्ती शिक्षिका, हिंदू मुली, हिंदू सल्लागार आणि अमेरिकन पैसा, असं सगळं एका छपराखाली चार वर्षं नांदलं होतं. ती मधली जागा गेली. ती धर्मामुळे गेली असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते ती नीट न ठरवलेल्या कारभारामुळे गेली.

आता यात तुमचं काय?

मी स्वतः नन्सच्या शाळेत शिकले. आमच्या वर्गात हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्या मुली होत्या. सकाळी प्रार्थना व्हायची, आम्ही हात जोडून उभ्या राहायचो, आणि नैतिक शिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती मुली बायबलच्या वर्गाला वेगळ्या जायच्या. हा असा वेगळा तास कुणी ठरवला असेल, असा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. शारदा सदनाबद्दल वाचताना पडला. कुणीतरी कधीतरी टेबलाभोवती बसून ते ठरवलं होतं, आणि नीट ठरवलं होतं, म्हणून आम्हाला कधी प्रश्न पडला नाही.

त्याचा थोडा पाया आपल्या संविधानात आहे. कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. आणि कलम २८ चा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही, त्याची संमती असल्याशिवाय. आणि ती व्यक्ती अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. म्हणजे १८९३ मध्ये पुण्यात जे ठरलं नव्हतं, त्यातलं अर्धं १९५० मध्ये ठरलं.

अर्धंच. कारण कायदा सक्तीबद्दल बोलतो. रमाबाईंनी सक्ती केलीच नव्हती. उघड्या दाराचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही कलमात नाही. ते प्रत्येक शाळेच्या मंडळाने आणि मुख्याध्यापकाने बसून, लिहून, पालकांना दाखवून ठरवायचं असतं.

चौथ्या खुर्चीचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या, त्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समितीची अट नाही. आणि २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. त्यामागचं कारण संस्थेची स्वायत्तता जपणं हे आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. पण त्याचा परिणाम असा की अशा शाळेत पालकांना खुर्ची द्यायची की नाही, हे कायदा सांगत नाही. ते संस्थेच्या समजुतीवर आहे.

म्हणून मला वाटतं, मुख्याध्यापकांच्या आणि मंडळांच्या प्रशिक्षणात पहिला तास शारदा सदनाचा असावा. त्या तासाला तीनच कामं द्यावीत. पहिलं, तुमच्या शाळेच्या माहितीपत्रकातला धर्माबद्दलचा शब्द काढा आणि प्रत्येकाने त्याचा अर्थ वेगवेगळ्या कागदावर लिहा. मग कागद शेजारी शेजारी ठेवा. दुसरं, किल्ली, तिजोरी आणि पत कुणाकुणाकडे आहे ते लिहा, आणि ही तीन माणसं वर्षातून किती वेळा एका खोलीत बसतात तेही लिहा. तिसरं, भांडण झालंच तर राजीनाम्याच्या आधी कुठली पायरी आहे ते सांगा. पायरी नसेल तर ती आजच बांधा, सगळे एकमेकांशी नीट बोलताहेत तोवर.

आणि तुम्ही कुठल्याही मंडळावर नसाल, नुसते विद्यार्थी असाल किंवा धाकट्या बहिणीला शाळेत सोडायला जात असाल, तरी एक प्रश्न तुम्हीही विचारू शकता. आमच्या शाळेचं मंडळ कोण आहे, आणि आम्हाला काही सांगायचं असेल तर ते कुणाला सांगायचं? पुण्यात १८९३ साली हा प्रश्न विचारायला जागा असती, तर त्या मुलींपैकी काही जणी तरी सदनात राहिल्या असत्या, असं मला वाटतं.

आजच्या भागात एवढंच. पुढच्या भागात केडगावच्या छापखान्याबद्दल बोलूया. तिथे मुली स्वतः खिळे जुळवायच्या, ती गोष्टही भारी आहे. भेटूया, नमस्कार.